गुरुवारची बाग

“ही कर्दळ कुठून आली?” मी विचारलं.

आई स्टुलावर बसून ब्रश धूत होती. भिंतीला टेकवलेलं चित्र सहा फूट रुंद आणि चार फूट उंच होतं. त्याच्या उजव्या बाजूला, बांबूच्या बेटाला मधोमध छेद देत, तांबड्या कर्दळीची एक रांग तिरपी उभी होती. सकाळी मी कॉलेजला गेले तेव्हा ती नव्हती.

“उगवली,” आई म्हणाली.

“आपल्या बागेत कर्दळ नाही. आप्पांनी एक कंद लावू दिला नाही कधी.”

“तुझ्या आप्पांचं काय सांगतेस! कर्दळ म्हणजे स्टेशनमास्तरची हौस, म्हणायचे.” ती हसली. “आता आप्पा नाहीत. लावली मी.”

“म्हणजे चुकलंय ते तुला मान्य आहे.”

“त्रिशला, तू लायब्ररीत कामाला आहेस की परीक्षा विभागात?”

आमचे वडील, आप्पा, कोल्हापुरात एका जुन्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक होते. गावात सगळे त्याला नुसतं ‘बोटॅनिकल’ म्हणत. आई तिथल्याच हर्बेरियममध्ये चित्रकार होती. वाळवलेल्या नमुन्यांशेजारी ठेवायच्या शीट्स ती काढायची. एकाच कागदावर पानाची वरची बाजू आणि खालची बाजू, अख्खं फळ आणि उभं कापलेलं फळ, उकललेलं फूल, दहापट मोठं केलेलं बी, आणि प्रत्येकाशेजारी बारीक आकडा. खाली सूची: एक म्हणजे हे, दोन म्हणजे ते. छत्तीस वर्षं तिनं हेच केलं. निवृत्त झाल्यावर ब्रशला हातही लावला नाही. मग आप्पा गेल्यानंतर वर्षभरानं एक दिवस कॅनव्हास मागवला आणि अख्खी बागच तशी काढायला घेतली. काचघर एकाच वेळी बाहेरून आणि आतून. कमळाचं तळं वरून, आणि त्याच्याच कडेला पाण्याच्या पातळीवरून. झाडांच्या सावल्यांचे तिकोनी तुकडे, त्यात आडवे कापलेले बुंधे.

मी ग्रंथपाल. मला ते बघताच पुस्तकं आठवली. क्यूबिझमवरची तीन जाडजूड पुस्तकं मी घरी आणली आणि मराठीत याला घनवाद म्हणतात इथपासून आईला वाचून दाखवायला सुरुवात केली. तिनं दोन पानं ऐकली.

“वाद कशाला घालायचा एवढा?” ती म्हणाली. “शीटच आहे ही. बाग एका जागी उभं राहून कुठं दिसते?”

त्या चित्राचा मला अभिमान होता. खरं सांगायचं तर थोडी मालकीच वाटायची. धाकटी चंदना लग्न होऊन मिरजेला गेलेली. तिला चित्रातलं काही कळत नसे आणि ती ते मोकळेपणानं सांगायची. लग्न न करता आईजवळ राहिले ती मी. आईला काय दिसतं ते मला न सांगता कळतं, असं मी धरून चालले होते.

आई दर गुरुवारी बागेत जायची. गुरुवारी बाग लोकांसाठी बंद असते. गर्दी नाही, पोरांचा गोंगाट नाही, आणि आईला कोण अडवणार? सकाळी आठला झोळीत वही, पेन्सिली आणि पाण्याची बाटली घेऊन निघायची ती मी लायब्ररीतून येण्याच्या सुमाराला परत. तिच्या दंडावर कधीकधी काळानिळा डाग असे. “बांबूनं मारलं,” असं सांगायची. पण त्या संध्याकाळी तिच्या गालांवर रंग असायचा आणि पुढचे चार दिवस टिकायचा. “बाग मानवते बघ तुला,” मी म्हणायचे. “मानवते खरी,” ती म्हणायची.

मी सांगतेय तो दिवस शुक्रवार होता. मी कर्दळीचा विषय सोडला नाही. जेवतानाही म्हणाले, की बाकीचं चित्र इतकं अचूक असताना ही एक गोष्ट खटकते.

“पुसून टाक की मग,” आई म्हणाली. “ब्रश तिथंच आहे.”

“मी कशाला पुसू? चित्र तुझं आहे.”

“मग झालं तर. उप्पीट घे अजून. कॉलेजात पुस्तकंच खातेस काय, कळत नाही.”

रात्री तिनं दिवा घालवला, आणि नेहमीसारखं, गॅस बंद केलास का म्हणून पलंगावरूनच विचारलं. मी केला होता.

शनिवारी सकाळी दात घासताना आई बेसिनपाशी कोसळली. मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले. दुपारी दीडला सगळं संपलं होतं. मी व्हरांड्यात बसून होते. चंदना मिरजेहून धावत आली आणि डॉक्टरांना बाजूला घेऊन बराच वेळ काही बोलत राहिली. मला वाटलं, तिला खरं वाटत नाहीये.

महिन्याभरानं बागेचे नवे अधीक्षक, डॉ. नेजकर, घरी आले. आईकडून शीट्सचं काम शिकलेला माणूस. चित्रासमोर हात मागे बांधून उभे राहिले.

“त्रिशलाताई, बागेचा अमृतमहोत्सव आहे. हे आम्हाला नव्या हॉलमध्ये लावायचंय. देणार ना?”

“आईनं तुमच्यासाठीच काढलं असेल.”

“एकच विनंती. मॅडमच्या प्रत्येक शीटला सूची असायची. याला नको? शाळेची मुलं येतात. कुठला तुकडा बागेत कुठं आहे ते कळलं, तर चित्र हातात धरून अख्खी बाग फिरतील ती.” मग म्हणाले, “आणि हे काम तुमच्याशिवाय दुसरं कोण करणार? मॅडमच्या नजरेतली बाग तुम्हालाच माहीत.”

त्या महिन्याभरात मला कुणी बोललेलं ते पहिलं बरं वाक्य होतं. ते मी आजही विसरलेले नाही.

मी चित्रावर ट्रेसिंग पेपर लावला, कडा उतरवून घेतल्या आणि तुकड्यांना आकडे दिले. चौतीस झाले. आमचं बालपण त्या बागेतल्या क्वार्टरमध्ये गेलेलं, त्यामुळे तेवीस तर घरात बसूनच ओळखले. एक, काचघर, दक्षिण बाजू. चार, कमळतळे. एकोणिसाव्या आकड्याशी थोडी अडखळले. चित्राच्या वरच्या भागात एक गर्द लाल, फुगीर पिशवीसारखा आकार होता, त्याला लांब बारीक देठ. मग कळलं. बागेत कायजेलियाचं एक आफ्रिकन झाड आहे, त्याची काळपट लाल फुलं दोरीसारख्या देठांवर लोंबतात. आईनं ते उलटं करून मोठं काढलं होतं. मी लिहिलं: १९. कायजेलियाचे फूल, उलटे, अनेकपट मोठे. ओळखल्याचा आनंद झाला.

उरलेल्या अकरांसाठी मी रजा टाकली आणि गुरुवारी बागेत गेले. आईचा दिवस म्हणून मुद्दाम. फाटकावर इराप्पा होता, आप्पांच्या वेळचा. त्यानं कुलूप काढून मला आत घेतलं.

दोन तास फिरले. त्या अकरांतलं एकही मिळेना. चित्रात निळा लोखंडी बाक होता आणि बागेतले सगळे बाक दगडी. चित्रात एकामागे एक तीन कमानींचा व्हरांडा होता आणि बागेत व्हरांडाच नाही. आणि कर्दळ. मी नर्सरीच्या मागं गेले, खतांच्या खड्ड्यांपर्यंत गेले.

“काय हुडकायलाय ताईसायेब?” इराप्पा मागनं आला.

“इराप्पा, आई गुरुवारी कुठं बसायची रे?”

“गुरवारी?”

“दर गुरुवारी यायची ती. गेलं दीड वर्ष. चित्र काढायला.”

त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. “न्हाई ओ. सायबांच्या नावाचं झाड लावलं, तवा आल्त्या बाईसायेब. त्याला दोन वरसं हुतील की. त्याच्यानंतर न्हाई.”

“तुझी सुट्टी असेल त्या दिवशी.”

“माझी सुट्टी मंगळवारी. गुरवारी दुसरं कोण नसतंय हितं. किल्ली माझ्यापाशी.” मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाला, “पाणी आणू?”

मी दगडी बाकावर बसले. दीड वर्ष. सत्तर-ऐंशी गुरुवार. दरवेळी संध्याकाळी मी विचारायचे, आज काय फुललंय? आणि ती सांगायची. सोनचाफा. कांचन. एकदा म्हणाली होती, तळ्यात नवं निळं कमळ आलंय. मी तळ्याकडं पाहिलं. कमळं पांढरीच होती.

मी चंदनाला फोन लावला. “चंदू, आई गुरुवारी कुठं जायची?”

तिनं कुठल्या गुरुवारी, असं विचारलं नाही. मग म्हणाली, “ताई, तू इकडं ये. फोनवर नको.”

मिरजेला पोहोचले तेव्हा दुपार झाली होती. तिची मुलं शाळेत होती. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर चित्राचा फोटो पसरला, मोठ्या कागदावर छापून आणलेला. चंदना हात पुसत आली आणि तशीच उभी राहिली.

“पूर्ण केलं होय तिनं,” ती म्हणाली. “मला वाटलं, राहिलं.”

“तू बघितलं होतंस?”

“वहीत बघितलं होतं, तुकड्यातुकड्यानं.” तिनं बोट ठेवलं. “हा आमचा बाक.”

आमचा, म्हणाली.

“ही कर्दळ, बाकासमोरची. या कमानी ओपीडीच्या. ही गाडीची खिडकी, त्यात उसाचं शेत. हे बघ, हे माझं डोकं. आई सांगायची, तू झोपलीस की बरं, हलत नाहीस.” दोन काळ्या तिकोनांना मी झाडाची सावली म्हणून तेरा नंबर दिला होता. जिला चित्रातलं काही कळत नाही ती माझी बहीण ते पुस्तकासारखं वाचत होती. मग तिचं बोट वर गेलं. “आणि हे रक्त.”

“कायजेलिया,” मी म्हणाले.

“काय?”

“काही नाही. कसलं रक्त?”

मग तिनं सांगितलं. आईच्या शरीरात रक्त तयार होणं कमी कमी होत चाललं होतं. आईला चक्कर येते म्हणून चंदनानंच तपासून घेतलं, तेव्हा निघालं. शेवटचा रक्तस्रावही त्यातूनच झाला; त्या शनिवारी डॉक्टरांना बाजूला घेऊन चंदना हेच सांगत होती. आधी महिन्यातून एकदा, मग पंधरा दिवसांनी, शेवटी दर आठवड्याला रक्ताची पिशवी लावायला लागायची; मधल्या गुरुवारी नुसती तपासणी असायची. आई नऊच्या गाडीनं यायची, चंदना स्टेशनवर उभी असायची. पिशवी चढेपर्यंत तीन-चार तास. आई डावा हात सुईला द्यायची आणि उजव्यानं चित्र काढायची. नंतर दोघी बाहेर बाकावर बसून डबा खायच्या आणि आई दुपारच्या गाडीनं परत.

मला तिच्या गालांवरचा रंग आठवला.

“बांबूनं मारलं, म्हणायची,” मी म्हणाले.

“माहितेय. गाडीत चढताना पाठ करायची, आज काय सांगायचं ते. एकदा मीच म्हटलं, निळं कमळ सांग. हसली खूप.”

“हसलात.”

“ताई...”

“दोघी हसलात. आणि मी घरी येऊन विचारायचे, आज काय फुललंय.”

चंदनानं गॅसवरचं चहाचं पातेलं उतरवलं, चहा न गाळता. “चल,” ती म्हणाली. “तिथं जाऊ. इथं मला बोलता येणार नाही.”

दवाखाना तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होता. जुनं दगडी आवार, मोठी झाडं, त्यांच्याखाली चादरी पसरून बसलेली खेड्यापाड्यांतली माणसं. बाक निळाच होता, रंग उडालेला. समोर कर्दळीची रांग होती, आणि खरंच तिरपी होती. ती सूची मी पुढं नेजकर सरांना दिली. एकवीस आकडे भरलेले, तेरांपुढं कोरी जागा. त्यांनी दोनदा विचारलं, मग विचारायचं सोडून दिलं. चित्र आज नऊ वर्षं हॉलमध्ये आहे, आणि मुलं त्या तेरांना हवी ती नावं देतात. पण ते नंतरचं.

आम्ही बाकावर बसलो.

“यावर औषध नव्हतं?” मी विचारलं.

“होतं. जोराचं होतं. महिनेच्या महिने ॲडमिट राहायला लागलं असतं. तरी डॉक्टर म्हणाले, या वयात काही सांगता येत नाही. आई नको म्हणाली. विचार करून नको म्हणाली, ताई.”

“आणि तू ऐकलंस.”

“मी चार महिने भांडले. मग ऐकलं.”

“मी तिच्यासोबत राहत होते, चंदू. एका घरात. तिचे कपडे मी वाळत घालायचे. मला विचारायचं तरी.”

“विचारलं असतं तर तू काय केलं असतंस?”

मी बाकाचा सुटलेला रंग नखानं खरवडला.

“वाचायला बसली असतीस,” ती म्हणाली. “आठ दिवसांत तुला डॉक्टरपेक्षा जास्त माहीत झालं असतं. पुण्याला दाखवलं असतंस, मुंबईला दाखवलं असतंस. भिंतीवर तक्ता लावला असतास. आणि आईला तुला नाही म्हणता आलं नसतं. तुला कुणालाच म्हणता येत नाही.”

“हे तुझं म्हणणं आहे की तिचं?”

“तिचे शब्द सांगू? रागावू नकोस.”

“सांग.”

चंदना कर्दळीकडं बघत होती. “म्हणाली, त्रिशलानं तिच्या आप्पांना जाऊ दिलं नाही. मला तरी जाऊ दे.”

आप्पांना फुप्फुसांचा आजार होता. एकोणीस दिवस ते अतिदक्षता विभागात होते. त्या एकोणीस दिवसांत मी त्या आजारावर मिळेल ते सगळं वाचलं होतं. घशात नळी घालायच्या कागदावर सही माझी. दोनदा डॉक्टर म्हणाले, आता थांबूया, दोन्ही वेळा मी त्यांना नवीन काहीतरी दाखवलं. त्यातले शेवटचे अकरा दिवस आप्पा नळीवर होते आणि त्यांचे हात पलंगाला बांधलेले होते, नळी ओढू नये म्हणून. ते गेल्यावर नातेवाइकांत सगळे म्हणायचे, त्रिशलानं मुलासारखं केलं. आईही मान हलवायची. मी समजून चालले होते की तिलाही तसंच वाटतं.

“माझ्यासमोर कधी बोलली नाही ती हे,” मी म्हणाले.

“कसं बोलेल? तू किती केलंस ते तिला दिसत होतं की. तिला तुझा राग नव्हता, ताई. भीती होती.”

“माझी.”

“तुझ्या मायेची म्हण.”

एक बाई समोरून गेली. कडेवर मूल, हातात एक्स-रेचं पाकीट. ती चंदनाकडं बघून ओळखीचं हसली. “आजी न्हाई आल्या आज?” तिनं विचारलं. चंदना म्हणाली, “नाही आल्या.” बाई पुढं गेली. या आवारात आईची चौकशी करणारी माणसं होती, आणि मला त्यांची नावंसुद्धा माहीत नव्हती.

“पण तिला काय माहीत आप्पांना काय हवं होतं?” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. “जाऊ दिलं नाही म्हणे. त्यांना जायचं होतं, असं सांगितलं होतं का त्यांनी तिला?”

“तेच तर तिला लागून राहिलं होतं,” चंदना म्हणाली. “या बाकावर बसून किती वेळा म्हणाली असेल. एक शब्द बोलले असते तर मी त्यांना उचलून घरी आणलं असतं, म्हणायची. त्रिशलाशी भांडून आणलं असतं. पण काही बोललेच नाहीत. नळीच्या आधी आठ दिवस शुद्धीवर होते, तरी नाही. एवढी वर्षं एकत्र काढली आणि जाताना त्यांच्या मनात काय होतं ते आपल्याला कळलंच नाही, म्हणायची.”

मी तिच्याकडं बघितलं नाही.

“बोलले होते,” मी म्हणाले.

“कोण?”

“आप्पा. नळी घालायच्या आदल्या दिवशी, दुपारी. मी एकटी आत होते. त्यांनी स्वतःच्या हातानं मास्क बाजूला केला आणि म्हणाले, मला घरी ने. नीट ऐकू आलं नसेल असं वाटून परत म्हणाले, त्रिशला, घरी ने मला.”

“मग?”

“मी मास्क परत बसवला आणि बाहेर आले. आई दाराशीच उभी होती. तिनं विचारलं, काही बोलले का गं? आणि मी म्हटलं, नाही. झोपलेत.”